फुप्फुसातील पाटकरी

बागलाणात मोसम नदीच्या काठी फडांना पाणी देणारा पाटकरी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पडीक रानाकडचे दारे तो मातीने बुजवतो नि पाणी उभ्या पिकाकडे वळवतो. आपल्या फुप्फुसातही असाच एक पाटकरी रात्रंदिवस दारी धरून असतो.

फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश, म्हणजे हवेचे बारीक फुगे आहेत. प्रत्येकाभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे. समजा, कफ अडकून एखाद्या भागात हवा पोचेनाशी झाली. मग तिथे रक्त पाठवून उपयोग काय? ते प्राणवायू न घेताच परतणार. म्हणून तिकडे जाणाऱ्या छोट्या धमन्या आपोआप आवळतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळते. गंमत अशी, की शरीरात इतरत्र याच्या उलट घडते. प्राणवायू कमी पडला, की हातापायांतील रक्तवाहिन्या रुंदावतात! स्वीडनच्या फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी फुप्फुसाची ही तऱ्हा १९४६ साली मांजरांवरील प्रयोगांतून दाखवली. श्वासनलिकाही स्वस्थ बसत नाहीत. जिथे रक्त येत नाही तिथला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्या आकसतात आणि हवा दुसरीकडे जाते.

पण सगळीच दारी एकदम बुजली तर? पाट तुंबेल, फुटेल. उंच प्रदेशात हेच होते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, तर लेह साडेतीन हजार. तिथेही हवेत प्राणवायू शेकडा २१च. पण हवाच विरळ. फुप्फुसाच्या प्रत्येक भागाला तो कमी पडतो, सर्वत्र धमन्या आवळतात, दाब चढतो आणि काहींच्या वायुकोशांत पाणी झिरपते. हिमालयात घाईने वर गेलेल्या जवानांच्या या आजाराचे वर्णन लष्करी डॉक्टर इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. तरणाबांड गडीही यातून सुटत नाही. उलट अंगातल्या ताकदीवर विसंबून पहिल्याच दिवशी धावपळ करणाऱ्याला धोका अधिक.

नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात तयार झालेले जवान सीमेवर जातात. आता सहलीची मंडळीही विमानाने थेट लेह गाठतात. घरचे कोणी निघाले असेल, तर एवढे त्यांच्या कानावर घाला. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती, पुढची चढण बेताबेताने. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटला, ओठ निळसर पडले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. प्राणवायू द्यावा, डॉक्टर गाठावा, खाली उतरवावे. हजारेक मीटर खाली आणले तरी पुष्कळदा रोगी सावरू लागतो; मिटलेली दारी पुन्हा उघडू लागलेली असतात.