पायाला मुंग्या आल्या तेव्हा

पन्नाशी उलटल्यावर माणसानं नवा छंद धरावा का, ठाऊक नाही. मी धरला. आमच्या शिरवळला वीर धरणाच्या फुगवट्यानं नीरा नदी ऐसपैस पसरते. तिथं भाच्याच्या नादानं प्लॅस्टिकच्या कयाकमध्ये बसलो. पाण्यावर कविता सुचतील, असं वाटलं होतं. आठवत राहिली ती फक्त कंबर.

पहिल्याच लांबच्या फेरीत तासाभरात बैठक बधिर झाली. मग उजव्या पायाला मुंग्या आल्या. मी गप्प. भाच्यासमोर रडगाणं कशाला गायचं? पाणीही मुद्दाम कमी प्यालो होतो, कारण या वयात सारखं लघवीला लागतं आणि नावेत सोय कुठली? अडीच तासांनी काठ आला. अंगातलं जॅकेट काढून उठायला गेलो, तर उजवा पाय माझा नव्हताच. तोंडावर पडलो. पाणी गुडघाभर, पण खाली गाळ. हात रुतलेले, तोंड पाण्यात, पाय हलेना. काठावर जाळं सोडवत बसलेल्या एका म्हाताऱ्या भोयानं बखोटीला धरून उचललं.

"चाचा, पाय मेल्याचं मघाशीच कळलं आसंल की. तवाच काठाला यायचं."

कळलं होतं. तेच तर!

कयाक मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट शिकाऱ्यांची, सीलच्या कातड्याची. शिकारी ती स्वतःच्या अंगाच्या मापानं बांधायचा, शिंप्यानं अंगरखा बेतावा तशी. आपली नाव साच्यातून तयार आलेली. ती मापाला आपणच आणायची. पावलांना टेकू असतो. तो माझ्यासाठी फार लांब होता, म्हणून पाय ताणले जात आणि कंबर मागं कलंडे. आता गुडघे किंचित दुमडलेले राहतील इतका तो जवळ घेतो. मांड्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतो. त्यानं मांडीमागच्या शिरेवरचा दाब हलका होतो, निदान माझा तरी झाला.

वल्हं मी आधी सायकलच्या हँडलसारखं आवळून धरायचो. अंगठ्याच्या बेचक्यात फोड, मनगटात कळ. मूठ सैल ठेवायची आणि हातांनी ओढण्याऐवजी कमरेपासून वळायचं, हे अंगी मुरायला महिना गेला. पाणी आता घोटघोट पितोच, कारण न पिण्यानं पोटऱ्यांत गोळे येऊ शकतात. तासाभरानं काठाला लागायचं, उतरायचं, चार पावलं चालायचं. लघवीचाही प्रश्न तिथंच मिटतो. उठण्याआधी पावलं हलवून बघायची आणि कोरड्यावर पाय पडेपर्यंत जॅकेट काढायचं नाही. इतकं करूनही कंबर अवघडून मुंग्या थांबत नसतील, तर डॉक्टरला दाखवावं. मी दाखवलं.

परवाच्या फेरीत पाऊण तासातच मुंग्या सुरू झाल्या. या वेळी मी ओरडलो, "थांब रे, काठाला घे!"

भाच्यानं लगेच नाव वळवली. उतरला आणि बराच वेळ मांड्या चोळत उभा राहिला.

"बरं झालं मामू," तो म्हणाला, "मी कधीचा तेच म्हणणार होतो."