परसातला कापूस आणि हातचे सूत



आपल्या बोलण्यात सुताचा वावर किती आहे पाहा. दोघांचे पटले की आपण म्हणतो, त्यांचे सूत जमले. एखादा फार बोलू लागला की त्याच्या तोंडाची टकळी सुरू झाली असे म्हणतो. थोड्याशा खुणेवरून मोठे अनुमान बांधणारा सुतावरून स्वर्गाला जातो. भाषेत टकळी अजून फिरते आहे; घरातली टकळी मात्र थांबून बराच काळ लोटला.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमचा भाग कापसाचा. एकदा वर्गात मी सहज विचारले, "टकळी कोणी पाहिली आहे?" साठ मुलांत दोन हात वर आले. त्यांतल्या एकाने ती पाठ्यपुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. वर्गातली निम्मी मुले कापूस पिकवणाऱ्या घरची! कापूस गाडीत भरून जातो हे त्यांना ठाऊक, कापड दुकानातून येते हेही ठाऊक. मधली वाट कोणालाच ठाऊक नाही. त्यांना हसण्याचा अधिकार मलाही नव्हता. कारण मधली वाट मलाही ठाऊक नव्हती.

माझी एक मावशी खेड्यात राहत असे. तिच्या परसात देवकापसाचे झाड होते, विहिरीच्या कडेला, पुरुषभर उंचीचे. त्याच्या कापसाच्या ती समईच्या वाती वळी, फुलवाती करी, आणि श्रावणातल्या पोवत्यांसाठी टकळीवर सूत काती. सुटीत मी तिथे जात असे. पण मी एम. ए. झालो, इतिहास शिकवू लागलो, तरी "मावशी, हे कसे करतेस, मला दाखव" असे काही कधी म्हटले नाही. ती गेल्यावर तिची पेटी आवरताना एक पितळी टकळी निघाली. तिच्यावर बोटभर सूत गुंडाळलेले होते आणि त्या सुताच्या टोकाला अर्धा राहिलेला पेळू तसाच लोंबत होता. तो पेळू पुढे ओढण्याचा मी प्रयत्न केला. सूत ताडकन तुटले. त्या दिवशी मला कळले, की आपल्या घरात हजारो वर्षे चालत आलेली एक विद्या होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत संपली.

हजारो वर्षे हा शब्द मी सहज वापरलेला नाही, बरे का. सिंधू संस्कृतीतील मोहेंजोदडो येथे एका चांदीच्या पात्राला चिकटलेला कापडाचा तुकडा सापडला. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली कापसाची तंत्रप्रयोगशाळा स्थापन झाली होती. तिथे गुलाटी व टर्नर या दोघांनी तो तपासला आणि तो कापसाचाच असल्याचे सांगितले. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर याहून जवळचे. प्रवरेच्या काठी नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. तिथे एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत धाग्याचा अंश टिकून राहिला होता, आणि तपासणीत त्यात रेशमाबरोबर कापूसही आढळला. ही गोष्ट तीन हजार वर्षांपूर्वीची. कोणा आईने किंवा आजीने आपल्या लेकरासाठी तो धागा पिळला असेल.

तेव्हा आज माझे आपणाकडे मागणे एवढेच आहे: घराच्या परसात, शाळेच्या आवारात, नाही तर जुन्या डब्यांत कापसाची दहा झाडे लावा आणि त्यांचे सूत स्वतःच्या हाताने काता. मी शेतीचा तज्ज्ञ नव्हे. आमच्या शेजारच्या एका आजींनी आणि वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्याने मला जे शिकवले तेच सांगतो.

प्रथम बियाणे. आज आपल्या शेतांतून बहुतेक ठिकाणी अमेरिकन जातीचा संकरित बीटी कापूस दिसतो. त्याला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. संकरित झाडाची सरकी पुन्हा पेरली तर पुढची झाडे सारखी निघत नाहीत. आपल्याला तर दरवर्षी घरचेच बी हवे. म्हणून देशी कापूस लावावा. अकोला आणि परभणी येथील कृषी विद्यापीठांनी देशी कापसाचे वाण तयार केले आहेत; जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. देशी कापसाचा आणखी एक गुण असा, की शेजारच्या रानात अमेरिकन कापूस असला तरी त्याच्याशी याचा संकर सहसा होत नाही. दोघांच्या पेशींतील गुणसूत्रांची संख्याच वेगळी, देशीची २६ आणि अमेरिकनची ५२. त्यामुळे आपले बी शुद्ध राहते.

सरकीवर बारीक लव असते व बिया एकमेकींना चिकटतात. म्हणून आपले शेतकरी पूर्वी सरकी शेण-मातीत घोळून, वाळवून पेरीत. तसेच करावे. जूनमध्ये पाऊस लागला की हातभर अंतरावर दोन-दोन बिया टोचाव्यात. जागा उन्हाची हवी. पाणी साचू देऊ नये. दोनेक महिन्यांत पात्या धरतात आणि फुले येतात. देशी कापसाचे फूल पिवळे, तळाशी तांबडा डाग असलेले. ते दुसऱ्या दिवशी लालसर होऊन मिटते. शिक्षकांनी मुलांना फुलाच्या देठाला दोरा बांधून तारीख लिहून ठेवायला सांगावे. त्या दिवसापासून साधारण दीड महिन्याने बोंड फुटते. मुले वाट पाहायला शिकतात.

बोंड पुरते उमलले आणि दव उडून गेले की कापूस वेचावा. ओला कापूस साठवला तर खराब होतो. माझा पहिल्या वर्षीचा निम्मा कापूस असाच गेला. उशीरही करू नये, कारण देशी बोंडातला कापूस फार दिवस धरून राहत नाही, खाली गळून मातीत पडतो. वेचताना सुकलेल्या पानाचा चुरा लागू देऊ नये, नाही तर तोच पुढे सुतात गाठ होऊन बसतो.

एक सूचना कापूसपट्ट्यातील श्रोत्यांना विशेष करून द्यायची आहे. हंगाम संपला की ही झाडे उपटून टाकावीत आणि किडकी बोंडे जाळून टाकावीत. झाड वर्षभर उभे राहिले तर गुलाबी बोंडअळीला त्यावर आसरा मिळतो व पुढच्या हंगामात ती शेजाऱ्याच्या शेतात जाते. मावशीच्या देवकापसाची मला कितीही आठवण येवो, कापसाच्या गावात बारमाही झाड ठेवायचे तर त्याच्या बोंडांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागेल.

आता कापूस हाती आला. त्याचे सूतच का होते? सावरीचाही कापूस पांढरा आणि मऊ असतो, पण त्याची उशी होते, सूत होत नाही. याचे उत्तर फार सुंदर आहे. कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच लांबट पेशी, पोकळ नळीसारखी. बोंड फुटून ती वाळली की नळी चपटी होते आणि फितीसारखी स्वतःभोवती पिळली जाते. असे पिळलेले तंतू एकमेकांत गुंततात, एकमेकांना धरून ठेवतात. सावरीचा तंतू गुळगुळीत, त्याला हा पीळ नाही. त्यामुळे तो हातून निसटतो.

अंबाडी आणि ताग यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचा तंतू बियाला नसतो, खोडाच्या सालीत असतो. फुलावर आलेली खोडे कापून ती दहा-पंधरा दिवस पाण्यात कुजवली की साल सुटते आणि वाख निघतो. दावी, कासरे, चऱ्हाटे त्याचीच वळत. तेही घरी करून पाहण्याजोगे आहे. मात्र त्या पाण्याला घाण सुटते, म्हणून पिण्याच्या पाण्याजवळ ते काम करू नये. आज आपण कापसापुरते बोलू.

सरकी काढायला गुळगुळीत पाट आणि लोखंडी सळई पुरे. कापूस पाटावर ठेवून सळई पुढे लाटली की सरकी सटकन पुढे निघून जाते. ती पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी ठेवावी. उरलेला कापूस बोटांनी उकलून, लहान धनुकलीने पिंजून हलका करावा, आणि काडीभोवती गुंडाळून त्याचे पेळू करावेत. टकळी नसेल तर बांबूची सरळ काडी आणि करवंटीची गोल चकती यांची घरी करता येते. काडी चकतीच्या बरोबर मध्यातून जावी, एवढीच अट.

कातण्याचे मर्म दोन हातांत आहे. एक हात पीळ देतो, दुसरा पेळू सोडतो. मी पहिले आठ दिवस नुसते सूत तोडत होतो. शेजारच्या आजी बराच वेळ पाहत बसल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊ, ओढता कशाला? सोडा. पीळ आला की ते आपल्या पायांनी चालत येतं." एवढ्या एका वाक्याने माझे काम झाले.

आता शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, थोडे गणित मांडू. समजा, दहा झाडांना प्रत्येकी वीस बोंडे आली आणि एका बोंडात दोन ग्रॅम कापूस निघाला. चारशे ग्रॅम झाले. त्यात सुमारे तिसरा हिस्सा रुई, बाकी सरकी. पिंजण्यातली घट जाऊन १२० ग्रॅम रुई उरली असे धरू. एका ग्रॅमचे २५ मीटर सूत काढले, तर तीन हजार मीटर सूत होईल. एका सेंटिमीटरला उभे पंधरा व आडवे पंधरा धागे अशा कापडाच्या एका चौरस मीटरला तीन हजार मीटरच सूत लागते. म्हणजे दहा झाडांचा एक लहानसा पंचा! आता वेळ पाहा. तासाला शंभर मीटर सूत धरले तर तीस तास झाले. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने एकेक तास द्यावा लागेल, आणि तेही हात बसल्यानंतर. नवशिक्याचे सूत मागाच्या उभ्या धाग्याला टिकत नाही. म्हणून पहिल्या वर्षी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हातभर पट्टी विणली तरी पुष्कळ.

यातून घरचा कापडाचा खर्च भागेल असे मी मुळीच म्हणत नाही. गिरणीशी टकळीची बरोबरी होणार नाही. पण एका पंचामागे तीस तास नुसत्या कातण्याचे, हे ज्या मुलाच्या बोटांना कळले, ते मूल अंगावरच्या सदऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहील. आपल्या बापाने गाडीत भरलेल्या कापसाचे पुढे काय होते, त्यात कोणकोणाचे श्रम पडतात, त्याचा भाव कसा ठरतो, हे प्रश्न ते मूल विचारू लागेल. वर्ध्याला १९३७ साली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे असा विचार पुढे आला, तेव्हा टकळीला शाळेत मानाचे स्थान मिळाले होते. माझ्या मते नुसता सूतकताईचा तास पुरेसा नसतो. त्या तासातून गणित, निसर्ग आणि इतिहास यांच्याकडे वाट निघाली, तरच मुलाला त्यात गोडी वाटते.

आणि शेवटची गोष्ट. पावसाळ्याची वाट पाहण्याआधी एक काम आजच करता येईल. आपल्या घरात वातीचा कापूस असेल. त्यातला चिमूटभर घ्या. नुसता ओढा, तो तुटेल. मग बोटांत पीळ देत देत हळूच ओढा. दोरा निघेल, आणि तो सहजी तुटणार नाही. हे करताना घरात कोणी म्हातारी आजी, मावशी, आत्या असेल तर तिच्यापाशी बसा आणि विचारा, "तुम्ही कसे करीत होता?" तिने टकळी हाती धरली असेल तर ती सांगेल, नसेल तर जिने धरली होती तिचे नाव सांगेल. गावात असे हात आता थोडेच उरले आहेत. माझ्या मावशीला विचारायचे माझ्याकडून राहून गेले. आपले राहू नये.