दुसऱ्या निकाहच्या आधी एक रिपोर्ट



पाळीवर पुरुषानं बोलायचं म्हटल्यावर काहीजण अवघडलेत, दिसतंय मला. मदीनेत फातिमा बिन्त अबी हुबैश थेट पैगंबरांकडे (स.) गेल्या होत्या: रक्त थांबत नाही, नमाज सोडू का? त्यांना नीट उत्तर मिळालं. हैज आणि इस्तिहाजा यांतल्या फरकावर फिकहच्या ग्रंथांत पानंच्या पानं आहेत. आपल्या घरात मात्र सासू, नणंद, शेजारीण सगळ्या बोलतात. नवरा तेवढा गप्प.

पाळीचं वेळापत्रक एकटं गर्भाशय ठरवत नाही. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच पाठवते, अंडाशय इस्ट्रोजेननं उत्तर देतं, त्यावरून पुढचा संदेश बदलतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, फीडबॅक लूप. पीसीओएसमध्ये तो बिघडतो. बऱ्याचदा एलएच आणि इन्सुलिन वाढलेलं असतं, अंडाशय पुरुषी हार्मोन जास्त बनवतं आणि बीज अर्धवट वाढून थांबतं. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ म्हणजे ही थांबलेली बीजंच, कॅन्सर नव्हे. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन बनत नाही. मग पाळी दोन-दोन महिने येत नाही, आली की थांबत नाही.

पण चुकलेली प्रत्येक पाळी पीसीओएस नसते. थायरॉइड मंदावलं किंवा प्रोलॅक्टिन वाढलं तरी असंच होतं, आणि ते बहुतेकदा गोळ्यांनी आटोक्यात येतं. त्यासाठी रक्ताची साधी तपासणी लागते. पीसीओएसमध्ये वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरल्यावरही अनेकींची पाळी रुळावर येते. मूल हवं असेल तर डॉक्टर बहुधा लेट्रोझोल देतात. (रमजानचे रोजे सुटू नयेत म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून पाळी पुढे ढकलली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. कजा रोजे नंतर ठेवता येतात.)

आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. आपण तर डिग्रीवाले.

आता भावांनो, तुमच्याविषयी. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर तपासणी दोघांची. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण सापडतं. वीर्यतपासणीला ना भूल लागते, ना सुई. दोन ते सात दिवस संयम ठेवायचा आणि नमुना द्यायचा. दुसऱ्या निकाहची बोलणी कुणी काढली, तर आधी तो रिपोर्ट अम्मीच्या हातात द्या.