सिकलसेल : तपासणी, औषधं आणि आपली भीती

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालो आणि आयुष्य बँकेत काढलं. तरी आरोग्यावर बोलायला मला उभं केलं, कारण सेक्रेटरी म्हणाले, "काका, सिकलसेलचं तुम्हीच सगळ्यांना ऐकवत असता, तर एकदा माईकवरूनच सांगा."

ऐकवतो, त्याला कारण आहे. करोनाच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा संस्थेचा खजिनदार होतो. सभागृहात सिकलसेल तपासणीचं शिबिर घ्यावं, असा विषय कार्यकारिणीत आला. एक सभासद म्हणाले, "लग्नाच्या पोरी आहेत घराघरात, उगाच नाव व्हायचं." दुसरे म्हणाले, "हा आजार आपल्या लोकांत नसते." मी काहीच बोललो नाही. उलट मान डोलावली. "पुढील सभेत विचार करावा" असं इतिवृत्तात लिहिलं गेलं आणि विषय तिथंच राहिला.

त्यानंतर माझ्या पुतणीचं लग्न झालं. पत्रिका जुळली, घर चांगलं, मुलगा नोकरीला. वर्षभरात बाळ झालं. आठव्या महिन्यात त्याचे हात-पाय सुजले, ते रात्र-रात्र रडायचं. कोणी वाताचं सांगितलं, कोणी दृष्ट काढली, एका दवाखान्यात ताकदीचं औषध दिलं. शेवटी सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात नेलं. रक्त तपासलं, बाळाला सिकलसेल निघाला. मग आई-बापाचं तपासलं. दोघेही वाहक. पुतणीनं मला विचारलं, "मोठे बाबा, त्या शिबिराचं तुम्ही घरी सांगितलं होतं ना? मग आमची तपासणी काऊन नाही केली?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

म्हणून आज बोलतो आहे. चूकभूल असेल तर समोर बसलेल्या डॉक्टरसाहेबांनी दुरुस्त करावी.

आपल्या रक्तातली तांबडी पेशी गोल आणि मऊ असते, बारीक रक्तवाहिनीतूनही निसटून जाते. सिकलसेलमध्ये ती ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अशा पेशी एकमेकींत अडकतात, रक्त पुढे सरकत नाही आणि हाडं ठणकू लागतात. साधी पेशी 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत मरते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे, सारखा ताप.

आता वाहक म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण सगळी भीती इथंच आहे. पासबुकात दोन नोंदी आहेत असं समजा, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही सदोष असतील तर माणूस रुग्ण. एकच सदोष असेल तर तो वाहक. वाहक आजारी नसतो. तो शेती करतो, नोकरी करतो, आणि बहुतेकांना आपण वाहक आहोत हे आयुष्यभर कळतही नाही. मात्र दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 आणि पूर्ण निरोगी असण्याची 25. "प्रत्येक" हा शब्द लक्षात ठेवा. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही. दर खेपेला हिशोब नव्यानं मांडायचा. एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल, तर मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही.

"आपल्या लोकांत नसते" याबद्दल. भारतात हा दोष पहिल्यांदा 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला आणि 1958 मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी तो मध्य भारतातही असल्याचं दाखवलं. जिथं मलेरिया फार होता तिथं वाहकाला त्यापासून थोडं संरक्षण मिळायचं, म्हणून तो पिढ्यानपिढ्या टिकला. विदर्भात आदिवासी आणि अनुसूचित जातींत प्रमाण जास्त आहे हे खरं, पण इतर समाजांतही रुग्ण आहेत. माझ्या घरात निघाला, आणखी काय सांगू!

तपासणी अगदी साधी. बोटातून थेंबभर रक्त घेऊन द्रावणात टाकतात. ते गढूळ झालं तर दोष आहे. पण गढूळपणावरून वाहक की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. ती न करता कोणी "तुम्हाला सिकलसेल आहे" म्हणालं तर घाबरू नका, आधी पुढचा रिपोर्ट मागा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही द्रावणाची तपासणी चालत नाही. अलीकडे रक्त चढवलं असेल तर तेही आधी सांगा, नाहीतर रिपोर्ट चुकू शकतो. आता गरोदरपणाच्या घरगुती तपासणीसारखी पट्टीही आली आहे, ती काही मिनिटांत निरोगी, वाहक की रुग्ण ते दाखवते. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट.

आता औषधं. हायड्रॉक्सीयुरिया हे मूळचं कॅन्सरचं जुनं औषध. आपण आईच्या पोटात असताना रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, ते या गोळीनं पुन्हा वाढतं आणि पेशी वाकड्या होणं कमी होतं. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले. 1998 मध्ये तिथं मोठ्यांसाठी मान्यता मिळाली, मुलांसाठी 2017 मध्ये. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ही गोळी मोफत मिळते. मात्र रक्ताची नियमित तपासणी करावी लागते, आणि मूल हवं असेल किंवा दिवस राहिले असतील तर डॉक्टरांना लगेच सांगावं लागतं. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. आमच्या घरी एकदा हेच झालं, आणि थंडीतल्या तीन रात्री बाळाला मांडीवर घेऊन काढल्या.

नवीन म्हणजे चांगलंच, असंही नाही. व्हॉक्सेलोटर नावाच्या गोळीला 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली होती. सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीनं ती जगभरातून मागे घेतली, कारण चाचण्यांमध्ये दुखण्याचे झटके आणि मृत्यू यांचं प्रमाण काळजीचं दिसलं. क्रिझानलिझुमॅब या इंजेक्शनची युरोपातली मान्यता 2023 मध्ये काढून घेतली, फायदा सिद्ध झाला नाही म्हणून. व्हॉट्सॲपवर "अमेरिकेचं नवं औषध" आलं की मला हे दोन्ही आठवतात.

खरी मोठी बातमी जनुक-संपादनाची. रुग्णाच्याच मूळ पेशी बाहेर काढून त्यांत दुरुस्ती करायची आणि परत द्यायच्या. कॅसजेव्ही या उपचाराला नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं मान्यता दिली. किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे एका रुग्णाला 18 कोटींच्या वर. मी आकडा दोनदा वाचला. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेनं देशी तंत्र विकसित केलं आहे, बिरसा मुंडांच्या नावानं, आणि ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं आहे. ते आपल्या नातवंडांपर्यंत पोहोचावं ही इच्छा आहेच, पण आज त्यावर विसंबता येत नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपण आहे, पण सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक, शिवाय खर्च आणि धोका.

म्हणून आज आपल्या हातात गोळी, लसी, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं आणि ताप आला की घरी न थांबता दवाखाना, एवढं आहे. त्याच्याही आधी लग्नापूर्वीची तपासणी. दोघेही वाहक निघाले म्हणून लग्न मोडाच, असं मी म्हणत नाही, तो त्या दोघांचा निर्णय. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत मोठ्या रुग्णालयात होऊ शकते. पण माहीत तर पाहिजे. पाच वर्षांचा आमचा मुलगा आता शाळेत जातो. दप्तरापेक्षा पाण्याची बाटली मोठी. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही आम्हाला उशिरा कळलं. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी प्रमाणपत्राची चौकशी जरूर करावी.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता याच सभागृहात शिबिर आहे. या वेळी ठराव मीच मांडला. रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्याला मिळेल, नोटीस बोर्डवर काही लागणार नाही आणि कार्यकारिणीकडेही यादी राहणार नाही. माझं वय मिशनच्या मर्यादेत बसत नाही, पण मुलगा, सून आणि नात येणार आहेत. नाश्त्याचा अंदाज लागावा म्हणून प्रत्येक घरातून किती जण येणार, तेवढा आकडा शुक्रवारपर्यंत माझ्याकडे द्या. नावं सांगू नका, आकडा पुरे.