देवांचे स्थलांतर आणि माणसांचा सत्याग्रह

(गोव्याच्या यात्रेस निघालेल्या मंडळींपुढे बेळगावात केलेले भाषण)



आम्हां बेळगावकरांना गोवा म्हणजे काही दूरदेश नव्हे. सुटीचे दोन दिवस जोडून आले की आपली पावले आपोआप घाटाखाली वळतात. कोणी मंगेशीला अभिषेक करतो, कोणी शांतादुर्गेची ओटी भरतो, आणि परतताना घटकाभर समुद्रावर बसून, काजूची पुडी बांधून घेऊन आपण पुन्हा घाट चढतो. यात वावगे काहीच नाही. माझी तक्रार निराळी आहे. ज्या वाटेने आपण जातो त्या वाटेवर काय घडले याची आपणांस दाद नसते. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावरून आपली मोटार भरधाव निघून जाते. आणि मंगेशाच्या गाभाऱ्यासमोर हात जोडून उभे असताना, हा देव मूळचा या गावचा नव्हे, तो येथे आश्रयाला आलेला आहे, हेही आपल्या ध्यानात येत नाही.

मला आज एकच गोष्ट सांगावयाची आहे. गोव्यात देवस्थानांची यात्रा आणि स्वातंत्र्यस्थानांची यात्रा अशा दोन यात्रा नाहीत. ती एकच यात्रा आहे. जो केवळ देवळे पाहून येईल त्याच्या पदरात अर्धे सत्य पडेल, आणि जो केवळ तुरुंग व स्मारके पाहून येईल त्याच्याही पदरात अर्धेच पडेल. आणि इतिहासातील अर्धे सत्य फार घातक असते. कारण त्यातून एकीकडे आंधळा द्वेष उपजतो आणि दुसरीकडे आंधळी विस्मृती.

घरचा उंबरठा

यात्रेचा आरंभ आपल्या उंबरठ्यापासूनच करा. १९२४ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन याच बेळगावात भरले. महात्मा गांधींनी आयुष्यात ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले ते हेच. टिळकवाडीतील वीरसौध त्याची खूण म्हणून उभा आहे. त्या घटनेला २०२४ साली शंभर वर्षे झाली. आपल्यापैकी कितीजण मुलांचा हात धरून तेथे गेले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःलाच विचारावा.

पुढे आंबोलीच्या मार्गाने सावंतवाडीकडे उतराल तेव्हा आंबोलीच्या रानात क्षणभर थांबा. १९५५ च्या नोव्हेंबरात येथूनच गोव्याच्या मुक्तीसाठी एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी ते चालविले. पुढे ते कॅसल रॉकच्या जंगलात हलले आणि १९६१ च्या डिसेंबरापर्यंत, म्हणजे सहा वर्षे, बोलत राहिले. गोव्यात वृत्तपत्रांवर तपासनिसाची कात्री होती. सभा भरविणे हा गुन्हा होता. अशा वेळी रानातून येणारा तो आवाज घराघरांत दारे लावून ऐकला जाई. १९ डिसेंबर १९६१ रोजी याच दोघांनी विमानातून पणजीवर घिरट्या घालीत गोवा मुक्त झाल्याची वार्ता घोषित केली. पुढे विवाहानंतर लिबिया लोबो सरदेसाई झालेल्या या बाईंना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली. ज्या रानात आपण धबधबा पाहावयास जातो त्या रानाची ही थोरवी आहे.

पत्रादेवी

बांदा ओलांडले की पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनी गोव्याच्या हद्दीत शिरले. त्यांच्या हाती तिरंग्यावाचून दुसरे काही नव्हते. पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्या एका दिवसात वीसांहून अधिक माणसे मृत्यू पावली. मध्यप्रांतातील सागरच्या सहोदरादेवी ध्वज घेऊन पुढे झाल्या. त्यांना गोळी लागली. तो ध्वज सावरण्यास पंजाबचे तरुण शिक्षक कर्नेलसिंग धावले, आणि ते तेथेच धारातीर्थी पडले. गोव्याच्या भूमीशी ज्यांचे रक्ताचे, भाषेचे वा कुळाचे यत्किंचितही नाते नव्हते अशी ही माणसे. त्यांचा कोणी कुलदेव गोव्यात नव्हता. तरी ती आली.

म्हणून माझी विनंती अशी की, देवळात जितका वेळ उभे राहाल तितकाच वेळ पत्रादेवीला उभे राहा. मुलांना तेथील नावे मोठ्याने वाचावयास लावा. नाव वाचले गेले नाही तर दगड नुसता दगड राहतो.

नदीपार गेलेले देव

आता देवांची कथा. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. १५४० नंतर तिसवाडीत आणि १५६६-६७ च्या सुमारास साष्टीत देवळे पाडण्याची मोहीम झाली. तेव्हा लोकांनी काय केले? ज्यांना शक्य झाले त्यांनी मूर्ती उचलल्या, होड्यांत घातल्या आणि नदी ओलांडून पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या मुलुखात नेल्या. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदोड्यास. आज फोंडा तालुक्यात इतकी मोठी देवस्थाने हाकेच्या अंतरावर दाटीवाटीने का उभी आहेत, याचे उत्तर हे आहे. आपण त्यास देवभूमी म्हणतो. वास्तविक ती निर्वासितांची वसाहत होती. फरक इतकाच की निर्वासितांत देवही होते.

त्या देवळांचे आजचे रूप बहुतांशी अठराव्या शतकातले आहे. कवळ्याचे देऊळ शाहू महाराजांच्या काळात, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या प्रयत्नाने उभे राहिले. म्हणजे देव हलल्यापासून भव्य देऊळ उभे राहीपर्यंत पावणेदोनशे वर्षे लोटली. तेवढ्या पिढ्यांनी साध्या छपराखाली दिवा तेवत ठेवला. आपण दीपमाळ पाहून तोंडात बोट घालतो. त्या छपराखालच्या पणतीचाही विचार करावा.

मंडळींनी डिचोलीकडची वाट वाकडी करून नार्व्यास अवश्य जावे. श्रीसप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे आराध्य दैवत. त्याचे मूळ स्थान नदीपलीकडे दिवाडी बेटावर. ते देऊळ दोनदा उद्ध्वस्त झाले: एकदा बहामनी अमलात, आणि विजयनगरच्या माधवमंत्र्याने पुन्हा उभारल्यावर दुसऱ्यांदा पोर्तुगीज अमलात. मग लिंग नार्व्यास आणले गेले. १६६८ च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाच्या कामास आरंभ करविला. तसे सांगणारा शिलालेख दरवाजावर आहे. अलीकडे गोवा सरकारने देवालयाचा जीर्णोद्धार केला व २०२३ साली ते पुन्हा दर्शनास खुले झाले. देऊळ लहान आहे, उतरत्या कौलांचे आहे, गर्दी बेताची असते. तीनदा उभा राहिलेला देव पाहावयाचा तर तेथेच.

असोळणे: एका गावात दोन तारखा

आता मी आपणांस अशा एका गावी नेतो, जेथे सहलीची मोटार सहसा थांबत नाही. दक्षिणेस, साळ नदीच्या काठी असोळणे गाव आहे, शेजारी कुंकळ्ळी. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी उठाव केला. देवळांच्या विध्वंसाने पेटलेल्या त्या संतापात पाच जेझुइट पाद्री आणि त्यांचे काही सोबती मारले गेले. त्या पाद्र्यांपैकी रोडॉल्फो आक्वाव्हिव्हा हा काही महिन्यांपूर्वीपर्यंत अकबराच्या दरबारी धर्मचर्चा करीत होता. तेही मरण मरणच, हे आपण नाकारू नये. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यावर बोलाविले आणि तेथे त्यांची कत्तल केली. एकजण तेवढा नदीत उडी घेऊन निसटला, असे परंपरा सांगते. न्यायासनापुढे उभे न करता, शब्द देऊन बोलावलेल्यांना मारले गेले, ही त्यातील काळी गोष्ट.

आणि त्याच असोळण्यात, ३६३ वर्षांनी, १९४६ च्या जूनमध्ये डॉक्टर ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी एक पाहुणा उतरला. तुरुंगातून नुकतेच सुटलेले, प्रकृतीने थकलेले डॉक्टर राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी मित्राकडे आले होते. गोव्यात साधी सभा घ्यावयाची तरी परवाना लागतो हे ऐकल्यावर विश्रांती बाजूला राहिली. १८ जून १९४६ रोजी, भर पावसात, मडगावच्या मैदानात दोघांनी बंदी मोडली. दोघांनाही अटक झाली. परंतु लोकांच्या मनातील भय त्या दिवशी मोडले ते पुन्हा सांधले गेले नाही. ते मैदान आज लोहिया मैदान म्हणून ओळखले जाते आणि तो दिवस गोव्यात क्रांतिदिन म्हणून पाळला जातो.

पाहा, १५८३ चा वध आणि १९४६ चा आरंभ एकाच गावाच्या शिवेत आहेत. आणि १९४६ साली ज्या घराने लोहियांना आसरा दिला ते घर ख्रिस्ती होते. ज्याला ही दोन्ही वर्षे ठाऊक आहेत तो गोव्याच्या लढ्यास धर्माधर्मातील भांडण म्हणणार नाही. पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबले गेलेले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, १९५४ च्या १५ ऑगस्टला तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावणाऱ्या तुकडीचे नायक आल्फ्रेड आफोन्सो, मुक्तीनंतरही १९७० पर्यंत पोर्तुगालच्या कैदेत राहिलेले तेलो मास्कारेन्हस: ही सारी माणसे ख्रिस्ती. जुलूम झाला तो सत्तेने केला, शेजाऱ्याने नव्हे. आजचा गोमंतकीय ख्रिस्ती त्या जुलमाचा वारस नसून बहुधा तो ज्यांच्यावर झाला त्यांचाच वंशज आहे.

कुंकळ्ळीची देवी तेव्हा फातर्प्यास गेली. पण दरवर्षी शिगम्याच्या दिवसांत तिची स्वारी बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्यांसह आपल्या मूळ गावी येते. त्या वांगडांतील कित्येक कुळे आज ख्रिस्ती आहेत, आणि गावात १५८३ च्या प्रमुखांचे स्मारकही आहे. वर्षातून एक दिवस का होईना, पण देवी घरी येते, ही गोष्ट मला शंभर व्याख्यानांपेक्षा बोलकी वाटते.

वरचा किल्ला आणि खालचा तुरुंग

आग्वादला जाल तेव्हा एक ध्यानात ठेवा. वरच्या किल्ल्यातील दीपगृह पाहून बहुतेक लोक परततात. तुरुंग आहे खाली, पाण्याच्या काठाला. नानासाहेब गोरे १९५५ च्या मे महिन्यात सेनापती बापटांसह सत्याग्रहास निघाले आणि पुढे याच तुरुंगात राहिले. बारा वर्षांची शिक्षा झालेले मधु लिमये आणि बंगालचे त्रिदिब चौधरीही येथेच होते. १९५७ मध्ये त्यांची सुटका झाली. सांगलीचे मोहन रानडे यांच्या वाट्याला मात्र लिस्बनजवळचा तुरुंग आला. गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर, १९६९ च्या जानेवारीत, ते सुटले. आग्वादचा तुरुंग २०१५ साली बंद झाला व २०२१ च्या डिसेंबरात तो संग्रहालय म्हणून खुला करण्यात आला. तेव्हा, मंडळी, पायऱ्या उतरा. त्या कोठड्यांत उभे राहिल्यावर समुद्राचा आवाज ऐकू येतो. आपण तो आवाज ऐकावयास पैसे मोजून जातो. त्यांना तो वर्षानुवर्षे भिंतीआडून ऐकावा लागला.

परतीची वाट

परत येताना मोले-अनमोडच्या घाटाने या. १९६१ च्या डिसेंबरात जनरल कँडेथ यांच्या हाताखालील पायदळाची सतरावी डिव्हिजन आपल्या बेळगावच्या परिसरातूनच हलली, आणि तिचा एक भाग याच घाटाने खाली उतरला. दुसरीकडे दोडामार्गाकडून छत्रीधारी ब्रिगेड शिरली. १७ डिसेंबरच्या रात्री सुरू झालेली मोहीम १९ तारखेस संपली आणि ४५१ वर्षांचा अंमल मिटला. त्या अवघ्या छत्तीस-चाळीस तासांच्या मागे किती माणसांची किती वर्षे होती, हे या वाटेने फिरून आल्यावर आपणांस उमगेल.

शेवटी काही व्यवहाराच्या सूचना. दोन दिवसांत हे सारे उरकू नका. तीन दिवस काढा. निघण्यापूर्वी एक तरी पुस्तक एकत्र बसून वाचा. देवळात वहाणा काढता तशी स्मारकापुढे बडबड थांबवा. ज्यांनी तो काळ पाहिला अशी फार थोडी माणसे आता हयात आहेत. एखादे भेटलेच तर छायाचित्र काढण्याआधी त्यांचे म्हणणे ऐकून घ्या, आणि घरी आल्यावर लिहून ठेवा. दगडी स्मारकाची डागडुजी सरकार करील; आठवणीची डागडुजी आपल्यालाच केली पाहिजे.

ज्यांनी देव खांद्यावर घेऊन नदी ओलांडली आणि ज्यांनी तिरंगा हाती घेऊन सीमा ओलांडली, त्या दोघांचीही जिद्द एकच होती: आपले जे आहे ते आपण सोडणार नाही. ती जिद्द मनात घेऊन जा आणि द्वेष घाटावरच ठेवून जा. आपली यात्रा सफल होवो, एवढे चिंतून मी आपली रजा घेतो.