मित्रासाठी चाललेली वाट

(सुवर्णमहोत्सवी समारंभात पोखर्णी येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संस्थेच्या वाटचालीला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना ‘सेवा’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आपण आज्ञा केली. या विषयावर बोलण्याचा खरा अधिकार ज्यांना आहे, ते माझ्यासमोर बसले आहेत. मी केवळ एका पदयात्रेची हकीकत सांगणार आहे आणि तिच्यात माझी एक चूकही आपणांपुढे ठेवणार आहे.

माझ्या एका बालमित्राला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्याच्या इच्छेनुसार मी त्याचे नाव घेत नाही. उपचार मुंबईला सुरू झाले. शासकीय योजनेमुळे औषधोपचाराचा भार पुष्कळसा हलका झाला. परंतु सोबतच्या माणसाचे राहणे-जेवणे, रेल्वेचे वारंवार पडणारे भाडे आणि बुडालेला रोजगार यांचा हिशेब त्या योजनेत पुरता बसत नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून देशभरातून रुग्ण येतात. त्यांच्यापैकी कित्येकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार असतो. औषधाइतकीच डोक्यावरच्या छपराची गरज असते, हे त्या धर्मशाळेच्या दारात उभे राहिल्यावर कळते.

आम्ही काही मित्रांनी संकल्प केला. प्रत्येकाने चाळीस दिवस रोज पाच किलोमीटर चालावयाचे आणि आपल्या दहा परिचितांकडून किलोमीटरमागे एक रुपया घ्यावयाचा. देणाऱ्याला एकूण दोनशे रुपये पडत. शेवटी सर्वांनी मिळून परभणीहून पोखर्णीच्या नृसिंह मंदिरापर्यंत पायी यावयाचे, असे ठरले.

पत्रक मी तयार केले. त्यावर मित्राचे मोठे छायाचित्र घातले आणि ते दाखविण्यास उत्साहाने त्याच्या घरी गेलो. त्याने ते पाहिले, घडी घातली आणि शांतपणे म्हणाला, “हा फोटो चौकात लावू नका. माझ्या पोरीला त्याच रस्त्यानं शाळेत जावं लागतं.” थोड्या वेळाने पुढे म्हणाला, “पैसे लागणारच आहेत, घेईन. पण सात महिने झाले, तू आज पहिल्यांदा आलास.”

बंधू-भगिनींनो, माझ्यापाशी उत्तर नव्हते. संसर्गाचे भय हे मी स्वतःला दिलेले कारण होते. ते भय खरे आहे. उपचारांच्या काळात रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण होते. पण त्यासाठी तोंडाला मुखपट्टी लावता येते, हात धुता येतात, तेही शक्य नसेल तर दूरध्वनी करता येतो. मी गेलो नाही, कारण काय बोलावे हे मला सुचत नव्हते. दोनशे किलोमीटर चालण्यास निघालेल्या मला दोन गल्ल्या ओलांडवल्या नव्हत्या!

या संदर्भात कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाची आठवण होते. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. कृत्रिम पाय लावून १२ एप्रिल १९८० रोजी तो देश पायाखाली घालण्यास निघाला. प्रत्येक देशबांधवाने कर्करोग संशोधनासाठी एक डॉलर द्यावा, एवढीच त्याची मागणी होती. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले आणि २८ जून १९८१ रोजी तो गेला. त्याच्या नावाच्या दौडी आजही देशोदेशी होतात. परंतु त्याच्या मागे गाडी चालविणारा, त्याचे जेवण पाहणारा डग अल्वर्ड हा मित्र फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला ही गाडी चालविण्याचीच भूमिका येते, आणि तीच आपण टाळतो.

पत्रक बदलले. छायाचित्र आणि नाव काढले. जमाखर्च मात्र दर आठवड्याला देणगीदारांपुढे ठेवला. चालता चालता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. अशा रुग्णाला बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, वरचेवर लागतात आणि त्या सुमारे पाच दिवसांहून अधिक टिकत नाहीत. तेव्हा पैसा साठविता येतो, हे रक्त साठविता येत नाही. त्यासाठी माणसेच तयार असावी लागतात. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्तदान करता येते. आमच्यातील कितीतरी जणांनी आपली नावे रक्तपेढीत नोंदविली. पदयात्रेचे खरे फळ मी यालाच मानतो.

मार्गशीर्षातील एका पहाटे आम्ही परभणीहून निघालो. दोन्ही बाजूंना काळ्या रानात ज्वारी उभी होती, कापसाची वेचणी चालू होती. जनाबाईंच्या गंगाखेडकडे जाणारी ही दिशा. श्रद्धेने चालणाऱ्यांची या भागाला नवलाई नाही. सुमारे अठरा किलोमीटर चालून मंदिराच्या पायरीशी बसल्यावर मी मित्राला दूरध्वनी केला. त्याने विचारले, “पाय दुखतायत का?” मी “हो” म्हणालो. “बरं झालं,” तो हसून म्हणाला, “आता संध्याकाळी येऊन सांग.” मी गेलो. तेव्हापासून दर रविवारी जातो.

त्याचे उपचार अद्याप चालू आहेत. पुढे काय होईल, हे वैद्यही निश्चित सांगत नाहीत. आमच्या चालण्याने रोग हटला, असे मी म्हणणार नाही. प्रवासाचे भाडे भागले आणि घरचे दार पुन्हा वाजू लागले, एवढेच घडले.

विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतील काही भाग बाहेरगावी उपचारांसाठी जाणाऱ्या रुग्णाच्या सोबत्यासाठी राखून ठेवावा; मग तो रुग्ण कोणत्याही जातिधर्माचा असो. आणि आपणां सर्वांना एकच सांगणे आहे : देणगीची पावती फाडण्यापूर्वी एकदा त्या घरी जाऊन या. काय बोलावे ते सुचले नाही, तरी चालेल.