माहितीचे व्याकरण



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, सयाजीरावांचे शिक्षणधोरण असे विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. यंदा माजी विद्यार्थी मंडळाने ‘मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स’ या पदव्युत्तर अभ्यासक्रमावर बोलण्याची आज्ञा मला केली, तेव्हा काहींच्या भुवया उंचावल्या असतील. त्यांचे समाधान व्हावे म्हणून एवढेच सांगतो की, गेली काही वर्षे या शाळेतून पुढे गेलेली मुले अमेरिकेतील विद्यापीठांना पाठवावयाची आपली उद्देशपत्रे मला दाखवावयास आणतात. मजकूर इंग्रजी असला, तरी मास्तरांची नजर फिरलेली बरी, ही त्यामागची भावना. त्या पत्रांत एक वाक्य हटकून असते: मला अमुक शाखेत विशेषज्ञ व्हावयाचे आहे. ती शाखा दर तीन-चार वर्षांनी बदलते. मूळ विषय काय आहे, याचा मात्र पत्रात मागमूस नसतो. मागे घर तारण ठेवून काढलेले कर्ज असते, आणि म्हणून मला हा प्रश्न निव्वळ शैक्षणिक वाटत नाही.

हा विषय संगणकशास्त्राचा नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी तो उभा केला, तो व्यवस्थापनाच्या विद्यालयात. 1972 साली तेथील संगणकतज्ज्ञांच्या ‘एसीएम’ या संस्थेने पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा पहिला आराखडा सिद्ध केला, त्यात अभ्यासविषयांचे चार गट होते. पहिला गट संस्थेच्या व्यवहाराच्या विश्लेषणाचा होता. संगणकाचा क्रम तिसरा. 2016 च्या आराखड्यात गट नऊ झाले. माहितीसंचयाचे व्यवस्थापन, प्रणालींची उभारणी, माहितीची सुरक्षितता, संस्थेचे धोरण, नीतिविचार असे पुष्कळ काही त्यांत आले. पण संस्था आणि तिच्यात निर्णय घेणारा माणूस यांच्यावरील दृष्टी ढळलेली नाही.

या शास्त्राच्या बाल्यावस्थेतच, 1967 मध्ये, रसेल अॅकॉफ यांनी एक खोचक निबंध लिहिला. व्यवस्थापकांना माहिती कमी पडते ही समजूत त्यांनी खोडून काढली. त्यांना निरुपयोगी माहितीचा अजीर्ण झालेला असतो, असे त्यांचे म्हणणे. दुसरा मुद्दा अधिक मार्मिक आहे. माणूस जी माहिती मागतो ती त्याला लागतेच असे नाही. कारण आपण निर्णय कसा घेतो हे ज्याला उमगलेले नाही, तो भीतीपोटी सारेच मागत सुटतो. तेव्हा मागणाऱ्याच्या शब्दांमागील गरज ओळखणे, हे या पदवीधराचे पहिले काम. अभ्यासक्रमात त्याला ‘सिस्टिम्स ॲनॅलिसिस’ म्हणतात. दुर्दैवाने आमची मुले याच विषयाला ‘हलका’ समजतात, आणि कशीबशी श्रेणी पदरात पाडून पुढे सरकतात.

आता मी माझ्या प्रांतात येतो. 1970 साली एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत मांडण्याची कल्पना दिली. 1976 मध्ये पीटर चेन यांनी ते तक्ते योजण्यापूर्वी व्यवहाराचे चित्र कसे काढावे, याची रीत घालून दिली. पुढे 1983 साली याच चेन यांनी दाखवून दिले की, हे चित्र आणि इंग्रजी वाक्याची रचना यांत मोठे साम्य आहे. सामान्यनाम म्हणजे वस्तू. सकर्मक क्रियापद म्हणजे दोन वस्तूंमधील संबंध. विशेषण म्हणजे वस्तूचा गुण. क्रियाविशेषण म्हणजे संबंधाचा गुण. मी हे वाचले तेव्हा मोरो केशव दामल्यांचे व्याकरण पुन्हा उघडून बसलो.

मराठी वाक्यावर हा नियम चालतो का, ते पाहू. ‘विद्यार्थी सोमवारी पुस्तक नेतो.’ विद्यार्थी आणि पुस्तक या दोन वस्तू झाल्या, त्यांचे दोन तक्ते. विद्यार्थ्याची इयत्ता त्याच्या तक्त्यात, पुस्तकाचे लेखकनाम त्याच्या तक्त्यात. मग ‘सोमवारी’ कोठे लिहावयाचे? तो वार विद्यार्थ्याचा नाही आणि पुस्तकाचाही नाही. तो नेण्याचा आहे. म्हणून ‘नेणे’ या क्रियेलाच स्वतंत्र तक्ता लागतो. ‘सोमवारी’ हे क्रियाविशेषण आहे हे ज्याला आठवीत समजले, त्याला हे पदव्युत्तर वर्गात पुन्हा शिकवावे लागत नाही.

पण खरी मेख पुढे आहे. ‘पुस्तक’ म्हणजे काय? वाचक म्हणतो, ‘श्यामची आई आहे का?’ तेव्हा त्याला ग्रंथ अभिप्रेत असतो. ग्रंथपाल म्हणतो, ‘हे पुस्तक फाटले आहे.’ तेव्हा त्याला प्रत अभिप्रेत असते. भाषा दोन्हींना एकच शब्द वापरते आणि व्यवहारात कोणाचे अडत नाही. तक्त्यात मात्र ग्रंथ आणि प्रत वेगळे केले नाहीत, तर पाच प्रतींपैकी एक बाहेर गेली की यंत्र सांगणार, पुस्तक शिल्लक नाही. येथे यंत्राचा दोष कोणता? शब्दाची उकल करावयाची ती कोणी केली नाही. ‘कुटुंब’, ‘पत्ता’, ‘रजा’ हे शब्दही असेच फसवे आहेत. राजीनामा म्हणजे आपल्याकडे नोकरी सोडल्याचा कागद. उत्तरेकडील कचेऱ्यांत त्याच शब्दाचा अर्थ तडजोडीचा लेख असाही होतो. दोन प्रांतांचे कागद एका तक्त्यात ओतणाऱ्याने हे जाणले पाहिजे.

या अज्ञानाची किंमत माणसे मोजतात. आपल्या दक्षिणेत अनेकांना आडनाव नसते. पारपत्रावर संपूर्ण नाव आडनावाच्या रकान्यात गेले आणि पहिला रकाना कोरा राहिला, की अमेरिकेच्या व्हिसावर पहिले नाव म्हणून ‘एफएनयू’ ही अक्षरे उमटतात. त्यांचा अर्थ ‘पहिले नाव अज्ञात’. मग बँकेत, वाहन परवान्यावर, विद्यापीठाच्या दप्तरी त्या मुलाचे नावच एफएनयू होऊन बसते. प्रत्येक मनुष्याच्या नावाचे दोन तुकडे असतात, असे कोणीतरी गृहीत धरले होते!

माहितीची मांडणी शिकविणे ही गोष्ट आपल्या बडोद्याला मुळीच परकी नाही. सयाजीरावांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे पाचारण केले. 1911 मध्ये त्यांनी ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला, आणि येथील ग्रंथांसाठी वेगळी वर्गीकरणपद्धती आखली. परदेशची पद्धत जशीच्या तशी न उचलता येथील ग्रंथ पाहून ती बेतावी, हा विचार शंभर वर्षांपूर्वी या नगरीत झाला होता.

विशेष शाखांविषयी आता थोडक्यात सांगतो. विदा-विश्लेषण, माहिती-सुरक्षा, लेखापरीक्षण, प्रकल्प-व्यवस्थापन, रुग्णालयीन माहिती अशी नावे पत्रकांत आढळतात. विश्लेषणाकडे जाणाऱ्याचे संख्याशास्त्र पक्के हवे. ते कच्चे असेल तर ती वाट धरू नये, मग बाजारात तिला कितीही भाव असो. सुरक्षेत गुप्तता, अखंडत्व आणि उपलब्धता यांचा तोल सांभाळावयाचा असतो. केवळ कुलपे घालण्याचे ते शास्त्र नाही. लेखापरीक्षणाकडे वाणिज्याच्या मुलांनी अधिक पाहावे, असे माझे मत आहे. त्यांच्या जमाखर्चाच्या ज्ञानाला तेथे खरी किंमत आहे आणि गर्दीही तुलनेने कमी.

पालकांना माझे सांगणे निराळे आहे. पदवीचे नाव एकच असले, तरी एका विद्यापीठात ती व्यवस्थापन विद्यालयात असते, दुसऱ्यात संगणक विभागाच्या छायेत. दोहोंत शिकावयाचे विषय बरेच वेगळे असतात. म्हणून पत्रकातील शाखांची यादी पाहून पैसे भरू नयेत. त्या यादीतील कोणते ऐच्छिक विषय गेल्या दोन सत्रांत प्रत्यक्ष शिकविले गेले, हे विभागाला पत्र लिहून विचारावे. शेवटच्या सत्रात एखाद्या खऱ्या संस्थेचे काम करावयास मिळते का, तेही विचारावे. आपल्या देशातील एमसीएचा अभ्यासक्रम 2020-21 पासून तीनऐवजी दोन वर्षांचा झाला आहे. कर्ज काढण्यापूर्वी त्याच्या विषयांची यादी शेजारी ठेवून ताडून पाहावी. आणि शाखेचा निर्णय पहिले सत्र संपेपर्यंत लांबवता येत असेल, तर जरूर लांबवावा.

उद्देशपत्रे घेऊन येणाऱ्यांना माझ्या घराचे दार उघडेच आहे. येताना मात्र आपण पाहिलेल्या एखाद्या दुकानाचा, दवाखान्याचा वा कचेरीचा व्यवहार दहा मराठी वाक्यांत लिहून आणावा. त्यातील नामे आणि क्रियापदे आपण दोघे मिळून तपासू.